पुसलेल्या परवान्याचा पाठपुरावा

थर्स्टन पिकेट स्वतःला 'चालतंबोलतं भिंग' म्हणवून घेत. खरं तर ते राज्याच्या अंगमर्दन नियामक मंडळात जाहिरात-तपासनीस होते. मालिश करणाऱ्यांच्या पाट्यांवर परवाना क्रमांक आहे की नाही, एवढं बघायचा त्यांना पगार मिळे.

"खुनी काय, कुणीही पकडेल," ते आपल्या साहाय्यक मार्सेला ओयेनला सांगत. "मृतदेह समोरच पडलेला असतो. गाळलेला आकडा पकडायला मेंदू लागतो, मार्सेला!"

मार्सेला मान डोलवायची. गाडी तीच चालवायची, त्यामुळे रस्त्याकडे बघत राहण्याची तिला सोय होती.

त्या वसंतात पिकेटसाहेबांनी आपल्याच गावात, हेल्गाफोर्डमध्ये, एक भयंकर गुन्हा हुडकला. पोस्टाशेजारी बिर्गिट टोलेफसन मालिश करायची. चीजचा कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत पुन्हा शाळेत बसून तिने परवाना मिळवला होता. ट्रॅक्टरवर हादरलेल्या आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना आखडलेल्या गावातल्या तमाम पाठी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. दाराबाहेर फुटपाथवर तिचा खडूने लिहिलेला फळा असे. मालिशच्या नावाखाली भलते धंदे करणाऱ्यांपासून प्रामाणिक माणसं वेगळी दिसावीत, म्हणून जाहिरातीत परवाना क्रमांक हवाच, आणि तोही अगदी तळाशी, असा मंडळाचा नियम होता. बिर्गिट रोज सकाळी क्रमांक लिहायची. पिकेटसाहेब फिरून परत येताना बघत, तर क्रमांक गायब!

नोटिसांवर नोटिसा गेल्या. आता सोमवारी सुनावणी होती आणि परवाना जाणार हे जवळपास ठरलंच होतं. त्याआधी साहेब पुरावा गोळा करायला मार्सेलाला घेऊन आले. बरोबर त्यांचा लांब कानांचा कुत्रा सार्जंटही होता, वासाच्या कामासाठी.

"बाई, यात कुणाचा हात आहे?" साहेबांनी दारातच विचारलं.

"इथे माझ्याशिवाय कुणाचाच हात नसतो," बिर्गिट म्हणाली.

"कुणाला पाठीशी घालू नका!"

"मी लोकांना पालथं घालते हो, साहेब. क्रमांक मी रोज लिहिते, शपथेवर सांगते. परवाना गेला तर करू काय मी? पुन्हा कारखान्यात जाईन म्हटलं तर कारखानाही नाही."

मार्सेलाला तिच्याकडे बघवेना. साहेब मात्र खडू चाटून बघत होते.

"चव खडूसारखीच आहे," ते पुटपुटले. "संशयास्पद!"

मग त्यांची नजर समोरच्या हाडवैद्याच्या पाटीवर गेली. "सापडला! हाडवैद्य! नावातच हाडवैर आहे."

"ते आत झोपलेत, साहेब. दर आठवड्याला येतात, कंबर धरते त्यांची," बिर्गिट म्हणाली. आतून एक समाधानाचं घोरणं ऐकू आलं.

साहेब डगमगले नाहीत. "मग क्रमांक तुम्हीच पुसता! क्रमांक नसला की गूढ वाढतं, गूढ वाढलं की गिऱ्हाईक वाढतं. आणि फळ्यावर हे काय, 'खोलवर मालिश'? किती खोल? नियमात खोली दिलेली नाही!"

"साहेब, त्यांना आपल्यासमोर लिहू तर द्या," मार्सेला न राहवून म्हणाली.

बिर्गिटने बाहेर येऊन, गुडघे टेकून क्रमांक लिहिला. साहेब फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि जमलेल्या चार माणसांना उद्देशून बोलू लागले.

"मित्रहो, गुन्हेगार याच क्षणी आपल्यात उभा आहे! थंड डोक्याचा, पाऊल उचलण्याआधी आजूबाजूला बघणारा..."

सार्जंटने आजूबाजूला बघितलं आणि मागचं पाऊल उचललं.

फळ्याच्या तळाशी आकडे विरघळून फुटपाथवर ओघळले.

"साहेब," मार्सेला म्हणाली, "मागे बघा."

साहेबांनी मागे बघितलं. मग हातातल्या पट्ट्याकडे. रोज सकाळी फिरायला जाताना हाच पट्टा त्यांच्या हातात असे. बिर्गिट फुटपाथवर बसकण मारून हसत सुटली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"अर्थात!" घसा खाकरून साहेब म्हणाले. "म्हणूनच तर गुन्हेगाराला मी पहिल्या दिवसापासून बांधून ठेवलंय."

सोमवारी मंडळाने बिर्गिटवरची तक्रार मागे घेतली. मात्र हात हलवत परत जाणं मंडळाच्या शानीला शोभणारं नव्हतं. म्हणून परवाना क्रमांक यापुढे 'सर्वसाधारण श्वानाच्या आवाक्याबाहेर' लिहावा, अशी दुरुस्ती मंजूर झाली. राज्यभरातल्या मालिशवाल्यांना पाट्या नव्याने रंगवाव्या लागल्या.

सुनावणीहून परतताना हमरस्त्यालगत एक खिडक्या नसलेली इमारत लागली. तिच्या छतावर भलामोठा गुलाबी फलक लुकलुकत होता: 'मखमली मालिश. चोवीस तास. ट्रक मागे लावा, दार मागूनच आहे.' आणि वर, माणसाएवढ्या आकड्यांत, परवाना क्रमांक.

पिकेटसाहेबांनी गाडी हळू करायला लावली आणि टोपी काढली.

"बघ, मार्सेला. याला म्हणतात शिस्त! अर्ध्या मैलावरून वाचता येतो."

मार्सेलाने वाचला. "साहेब, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा?"

"हो ना," साहेब गहिवरून म्हणाले. "आणि एकही आकडा गाळलेला नाही!"