येळवशीचं पथ्य

शेषेरावांना स्वप्नातसुद्धा दुधीभोपळा दिसायला लागला, तेव्हा आपलं आता काही खरं नाही हे त्यांनी ओळखलं. पित्ताची पिशवी काढून पंधरा-वीस दिवस झाले होते. दुर्बिणीनं पोटाला पाडलेली छिद्रं भरत आली होती, कळा थांबल्या होत्या, झोप लागत होती. फक्त जीभ तेवढी सुतकात बसली होती. सकाळी मऊ भात, दुपारी मुगाचं वरण, संध्याकाळी उकडलेला दुधी आणि सणासुदीचं म्हणून पपईची एक फोड. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस तो. मुदखेडच्या स्टँडवरची मिरचीभजी, देगलूरच्या हॉटेलातला तिखटजाळ उपमा, मुखेडच्या बाजारातली शेव, असा त्यांचा सगळा मुलूख जिभेवर पाठ होता. त्याच जिभेवर आता रोज दुधी उतरत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी साधं सांगितलं होतं, "सुरुवातीला तेल-तूप बंद. मग थोडं थोडं करून सगळं चालू करा." त्यातला पहिला अर्धा भाग त्यांच्या बायकोच्या, शिवकन्याबाईंच्या, कानात शिरला आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. दुसरा अर्धा भाग दवाखान्याच्या पायरीवरच राहिला. त्याच दिवशी तेलाचा डबा माळ्यावर गेला आणि शेंगदाण्याच्या बरणीला कुलूपबंद कपाट मिळालं.

भेटायला येणारे होतेच. एसटीतले जुने ड्रायव्हर हणमंतराव रोज येऊन चहा पीत आणि रोज सल्ला देत.

"हे बघा वैनी, पित्ताची पिशवीच काढून टाकली म्हणल्यावर पित्त व्हायचा सवालच न्हाई. शेषेराव आता कायबी खाऊ शकतेत. बिनधास्त."

"आसं म्हणता?" शिवकन्याबाई म्हणाल्या. "मग तुमी डोकं काढून घ्या भाऊ. डोकेदुखीचा सवाल मिटंल."

हणमंतरावांनी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला.

दुधी, मूग, पपई हे सगळं शेषेरावांनी सोसलं असतं. पण येळवस तोंडावर आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातुरात कुत्र्याला भुंकायला माणूस सापडत नाही. सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जाऊन बसलेलं असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी राहते, पांडवांची पूजा होते, आंबील शिंपडली जाते आणि मग पंगत बसते. पंगतीत भज्जी असते. पुण्याकडच्या माणसाला हे ऐकून तळलेली भजी आठवतील, तर त्यानं ती विसरावीत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शिवारात सापडेल तो पाला, चिंचेचा कोळ, ताकात कालवलेलं बेसन आणि वरून लसणाची अशी फोडणी की शेजारच्या बांधावरचा माणूस बोलता बोलता गप्प होतो. वर्षातून एकदाच होते ती. शेषेराव त्या एका घासासाठी उरलेलं वर्ष काढत असत.

"येळवशीला तरी?" त्यांनी एका संध्याकाळी दुधी चिवडत विचारलं.

"येळवशीला चला की शेतात. पूजा करा, आंबील शिंपडा, कोपीत निवांत बसा."

"आन् भज्जी?"

"भज्जीकडं बघा," शिवकन्याबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

येळवशीच्या दिवशी सगळे टेंपोतून शेषेरावांच्या शेतावर पोचले. शिवकन्याबाईंचा भाऊ सुदर्शन मुखेडहून मुद्दाम आला होता, हणमंतराव तर न बोलावता आले होते, आणि गल्लीतली आणखी दोन-चार बिऱ्हाडं होती. भज्जीचा हंडा वाटेत शिवकन्याबाईंनी स्वतःच्या मांडीशी धरला. कोपीत ठेवल्यावरही त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं त्यांनी कुणाला सोडू दिलं नाही.

शेषेरावांनी पूजा केली. पूजा करताना त्यांचं नाक हंड्याकडेच होतं. पण नवल असं, की वास येईना. ते थोडे सरकून बसले. तरी येईना. पिशवीबरोबर डॉक्टरांनी नाकातलंही काही काढलं की काय, अशी शंका त्यांना चाटून गेली. तेवढ्यात वारं फिरलं आणि बांधापलीकडच्या बसलिंगप्पाच्या कोपीवरून फोडणीचा वास आला. लसूण, जिरं, शेंगदाणे, सगळं एकदम. नाक शाबूत होतं. शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही धुरानं आलेलं नव्हतं.

"जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले. "डॉक्टरनं चालाया सांगितलंय."

"बांधापतूर जा आन् या. लगेच बसायचंय जेवाया."

बांध आला. शेषेरावांनी एकदा मागं पाहिलं, धोतराचा सोगा आवरला आणि बांध ओलांडला.

येळवशीला कोपीवर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो सोयरा असो की वाट चुकलेला. बसलिंगप्पा तर हाक मारायला वाटेकडे डोळे लावूनच बसला होता. "या, या कंडक्टर! बसा. पंचफुला, पत्रावळ आण."

त्याची बायको पंचफुलाबाई पळी हातात घेऊन घुटमळल्या. "शिवकन्यावैनी मला काय म्हणतील?"

"त्यांला सांगायचंच न्हाई," शेषेराव म्हणाले. "एक पळी. एकच घास. जिवाला लई लागलंय वैनी."

पत्रावळीवर बाजरीचा वाफवलेला उंडा आणि भज्जी आली. तिच्यावर लालसर तेलाचा डोळा होता. शेषेरावांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, घास ओठांपर्यंत नेला आणि मागून आवाज आला, "हाय का कोणी कोपीत?"

सुदर्शन! शेषेरावांनी पत्रावळ पाठीमागच्या पोत्याआड सरकवली.

"दाजी? तुमी हितं काय करायलाव?"

"मी... बसलिंगप्पाचे बैल बघाया आलतो. तू?"

"मी बी बैलच," सुदर्शन म्हणाला आणि खाली बसला. त्याची नजर पंचफुलाबाईंच्या हंड्यावर होती.

दोघं बसून बैलांचा विचार करत असतानाच हणमंतराव वाकून आत शिरले. शेषेरावांना बघून ते जागीच अडकले. "मी म्हणलं, बसलिंगप्पाचे बैल चांगले हायेत आसं ऐकलंय, तर..."

"बैल?" बसलिंगप्पाला राहवेना. "बैल तर मी दिवाळीतच इकले की. ट्रॅक्टर घेतलाय. ट्रॅक्टर बघता का?"

कुणालाच ट्रॅक्टर बघायचा नव्हता. शेषेरावांचा आवाज चढला. "सुदर्शन, खरं बोल. माझी गोष्ट येगळी. मला घरी मिळत न्हाई. तुमाला काय धाड भरली? तिथं हंडा भरलाय की भज्जीचा!"

सुदर्शननं हणमंतरावांकडे पाहिलं. हणमंतराव पत्र्याच्या तांब्याकडे बघत राहिले.

"दाजी, अक्कानं शपथ घातली होती," सुदर्शन शेवटी म्हणाला. "ती भज्जी तुमच्या पथ्याची हाय. समदा हंडाच. तेल न्हाई, शेंगदाणे न्हाई, मिरची न्हाई. समद्यांनी तुमच्यासंगं तेच खायचं, आसं तिनं ठरवलंय. तुमी पंगतीत बसल्यावर सांगणार होती. आत्ता अक्काची पाठ फिरली तशी फडकं सोडून मी पळीभर चाखून बघितली, दाजी. मग मला चालावं वाटाया लागलं."

"मला बी," हणमंतराव म्हणाले.

शेषेराव काही बोलणार इतक्यात बाहेर बघत असलेला बसलिंगप्पा दबक्या आवाजात ओरडला, "वैनी! वैनी बांध चढायल्यात!"

मग जी पळापळ झाली ती त्या वयाच्या माणसांना शोभणारी नव्हती. सुदर्शन आणि हणमंतराव मागच्या उभ्या तुरीत घुसले. शेषेराव पत्रावळ सांभाळत कोपीच्या पाठीमागं जाऊन उकिडवे बसले. टाके होते तिथं चांगलंच ओढलं, पण तेल सांडलं नाही. आता आपली वरात निघणार हे त्यांना दिसत होतं. ते कडब्याला कान लावून वाट बघत राहिले.

पण शिवकन्याबाईंनी नवऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

"पंचफुला अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "जराशी भज्जी वाढा मला. तुमच्यातली. फोडणीची."

आत पळी हंड्याला लागल्याचा आवाज झाला. मग शिवकन्याबाईंचा नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिखट लागली का वो?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"न्हाई. त्यांचं आपरेशन झाल्यापासून मी बी तेच खायलेय अक्का. दुधी आन् मूग. त्यांला सांगते, मी आधीच जेवले. माणूस म्होरं तोंड करून बसलेला आसताना फोडणीचं कसं खावं? गळ्याखाली उतरतच न्हाई. म्हणलं, येळवशीला तरी त्यांला येगळा डबा नको. समद्यांनी एकच खावं, म्हणजे आपल्याच शेतात त्यांला पाव्हण्यावाणी वाटायचं न्हाई. पहाटेपासून बसून केली. पर आता चाखून बघितली आन् रडूच आलं मला. भज्जी न्हाई ती, नुसतं पीठ आन् पाला. माणसं एकेक करून पळाली. हंडा भरलेलाच ऱ्हायला तर त्यांच्या म्होरं मी काय तोंड दाखवू?"

कोपीमागं शेषेराव पत्रावळीकडे बघत बसले. घास अजून मोडलेला तसाच होता. इतके दिवस स्वयंपाकघरात ही बाई एकटीच तेल लावलेल्या कढत पोळ्या खात असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि रात्री अंथरुणावर पडून तिचा रागही केला होता. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. घास समोर होता, हात मोकळा होता, बघणारं कुणी नव्हतं आणि तो काही तोंडात जाईना.

वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ती पत्रावळ तुरीत सारली. तुरीतून एक हात आला, पत्रावळ गेली आणि लगेच मचमच ऐकू आली. शेषेराव वाकून वाकून बांधाला लागले.

आपल्या कोपीत येऊन त्यांनी स्वतःच हंड्याचं फडकं सोडलं, पत्रावळ घेतली आणि भज्जी वाढून घेतली. पहिला घास गिळायला पाणी प्यावं लागलं. दुसऱ्याला कांद्याच्या पातीची मदत झाली. तिसऱ्यानंतर त्यांनी चवीचा विचार सोडून दिला आणि हंड्याच्या तळाचा विचार सुरू केला.

शिवकन्याबाई पदरानं ओठ पुसत आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो! थांबायचं तर समद्यांसाठी! आन् ती भज्जी..."

"भूकच आवरली न्हाई," शेषेराव म्हणाले. "शिवकन्या, जन्मात आशी भज्जी खाल्ली न्हाई बघ मी."

यात खोटं काहीच नव्हतं. शिवकन्याबाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांचं तोंड असं उजळलं की शेषेरावांनी आणखी एक पळी घेतली.

"खरंच आवडली?"

"बस. तू बी बस म्होरं. मी वाढतो."

त्यांनी बायकोला वाढलं. तेवढ्यात तुरीचा पाला केसांत अडकलेले सुदर्शन आणि हणमंतराव पोट सांभाळत आले. शेषेरावांनी त्यांनाही हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या पत्रावळींवर हंडा जवळजवळ उपडाच केला. "खावा. लाजू नका. लांबून चालून आलाव."

हणमंतरावांनी हात जोडले. ते जोडलेले हात कुणालाही दिसले नाहीत.

पंगत गपगार जेवत होती. शेषेराव मधूनच समोर बघत. शिवकन्याबाई एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होत्या, पण समोर बसल्या होत्या. गेले पंधरा-वीस दिवस आपण काय गमावलं होतं ते शेषेरावांना आता कळलं, आणि त्यात भज्जीचा नंबर बराच खाली होता.

"तुमाला एवढी आवडली तर संकरातीला तिळाच्या पोळ्या बी आशाच करते," शिवकन्याबाई उत्साहानं म्हणाल्या. "बिनतुपाच्या. समद्यांनी यायचं."

सुदर्शनला जोराचा ठसका लागला. शेषेरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"कर की," ते म्हणाले. "मी रोज खाईन. पर तू आशीच म्होरं बसून माझ्यासंगं तेच खायचं. दोन्ही टायमाला."

शिवकन्याबाईंचा हात पळीवर तसाच थांबला. त्यांनी पत्रावळीकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, मग बांधापलीकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पोळीवर चमचाभर तूप घेतलं तर चालंल का वो?"