नानांचा होकार आणि अक्कांचा नकार एकाच वेळी पोहोचवण्याबाबत

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा की तुम्ही एक वायर आहात. (डोळे मिटून वाचता येत नाही हे मान्य आहे, तेव्हा एकच मिटा.) तुम्हाला पलीकडच्या टोकाला निरोप पोहोचवायचा आहे, हो किंवा नाही. वाटेत मोटारी, मिक्सर आणि वेल्डिंगवाले आपापला गोंगाट तुमच्यात मिसळतात, आणि तुमच्या 'हो'चं पलीकडे काहीही ऐकू येतं. एकट्याच्या शब्दाला जगात किंमत नसते, ती अशी. म्हणून शहाण्या माणसांनी दोन वायरींची जोडी काढली. एक 'हो' म्हणते, त्याच क्षणी दुसरी 'नाही' म्हणते, आणि पलीकडचा दोघींमधला फरक तेवढा बघतो. गोंगाट दोघींवर सारखाच बसतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही.

धुळ्यात, देवपुरात गिरधर नाना राहतात. तंत्रनिकेतनात आयुष्यभर हेच शिकवून ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. गल्लीतली मुलं अंगणात पडलेला चेंडू मागायला आली तरी चेंडूबरोबर थोडं घर्षण शिकून जातात.

नानांच्या मते त्यांच्या घराइतकी आदर्श जोडी कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हती. नाना हो म्हणाले की त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, नाही म्हणत. नाना नाही म्हणाले की अक्का हो म्हणत. घरात चालतं ते आपलंच, असं नाना सांगत. अक्का नेमकं उलट सांगत, आणि घरच्यांना काय समजायचं ते समजे. मे महिन्यात दोघांचाही आवाज चढे, पण सारखाच चढे, म्हणून निरोपात बिघाड नसे. मुलगा भूषण हा या सर्किटातलं अर्थिंग होता. जे काही जास्तीचं असेल ते त्याच्यात जाऊन शांत होई. आणि पलीकडच्या टोकाला होती नात मयुरी, सहावीतली.

जोडीची अट एकच असते. दोघींनी एकाच क्षणी बदललं पाहिजे. एक आधी बदलली आणि दुसरी रेंगाळली, तर मधल्या वेळात फरकच राहत नाही आणि पलीकडचा ताटकळतो. नेमका हाच दोष नानांच्या घरात शिरला. निवृत्तीनंतर नाना थेट उत्तर देईनासे झाले. आधी प्रस्तावना, मग पूर्वपीठिका, मग एक उदाहरण, मग त्या उदाहरणातली उणीव, आणि शेवटी, ऐकणारा जागेवर असल्यास, हो. अक्कांना मात्र नाना काय म्हणणार हे नानांच्या बरंच आधी माहीत असे. (संसार जुना झाला की ही सोय आपोआप होते.) नानांच्या तोंडून 'तर बाळांनो' निघायच्या आत अक्कांचं 'नाही' येऊन उभं राही.

नानांनी दोषाची रीतसर चौकशी केली. चौकशी अधिकारी नाना, साक्षीदार नाना, दोषी अक्का. शास्त्र सांगतं की मंद बाजूला घाई करता येत नाही, वेगवान बाजूलाच थांबवावं लागतं. सर्किटच्या बोर्डावर आखूड वायरीची वाट मुद्दाम नागमोडी काढतात, म्हणजे सिग्नल जरा फिरून येतो. (आपल्या कित्येक कार्यालयांनी हे तत्त्व सर्किट न शिकताच आत्मसात केलं आहे, याचा नानांना अभिमान वाटे.) तेव्हा असं ठरलं की मयुरीने परवानगी आधी दारापुढच्या ओट्यावर नानांना विचारावी, मग गच्चीवर जावं, मागच्या जिन्याने उतरावं, न्हाणीघराला वळसा घालावा आणि तेव्हा कुठे स्वयंपाकघरात अक्कांना विचारावं.

"अन् पोर दमी गयी ते?" अक्कांनी विचारलं.

"दमली तर उत्तमच. विलंब वाढतो."

"त्यापेक्षा तुम्हीच थोडं कमी बोला ना, नाना," मयुरी म्हणाली.

नानांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बाळा, मंद बाजूला घाई करता येत नाही. हे मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं."

व्यवस्था उत्तम चालली, म्हणजे आठवडाभर. मग नानांच्या लक्षात आलं की अक्कांची बाजू आता थांबते. तेव्हा प्रस्तावनेत थोडं ऐसपैस बसायला हरकत नाही. प्रस्तावना वाढली म्हणून वळसा वाढवावा लागला, आणि वळसा वाढला म्हणून प्रस्तावना. मयुरी शेजारच्या हारुनचाचांच्या अंगणातून फिरून येऊ लागली. चाचा रोज विचारत, "आज कायकी परमिशन, बेटी?" घरगुती पाहणीनुसार दहापैकी अकरा परवानग्या मुदतीनंतर मिळाल्या. वाढदिवसाची मिळाली तेव्हा मैत्रिणीचा केक संपला होता. सर्कशीची मिळाली तेव्हा सर्कस नंदुरबारला गेली होती. नाना म्हणाले, निरोप उशिरा मिळाला तरी स्वच्छ मिळाला, हे महत्त्वाचं.

आणि मग शनिवारी शाळेतून हिलाल सरांचा फोन आला. जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात मयुरीची घंटा घ्यायची ठरली होती. टाकी भरली की वाजणारी ती घंटा मयुरी दिवाळीपासून जुळवत होती. दोनदा जाळलीही होती.

"गाडी शाळेपुढे उभी आहे, बाळा. एकच जागा आहे आणि मुक्काम आहे, त्यामुळे घरच्यांचं हो पाहिजे. मी फोन धरतो, पण लवकर सांग. नाहीतर अतिक तयार बसलाय."

मयुरी फोन घेऊन ओट्यावर धावली. "नाना, जळगावला जाऊ? मुक्कामी?"

नानांचा चेहरा उजळला. "तर आधी प्रदर्शन म्हणजे काय, ते पाहू."

मयुरी सवयीने गच्चीकडे वळली. फोनमधून गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि ती पहिल्याच पायरीवर थांबली. दोन्ही वायरींत निरोप एकच असतो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. नानांनी हे तिला ती बोलायला लागायच्या आधीपासून सांगितलं होतं. मग दोघींची वाट कशाला बघायची? ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"अक्का, जळगावला जाऊ?"

"नही," अक्का म्हणाल्या. सकाळच्या दशम्या त्या फडक्यात बांधत होत्या. "अजिबात जावानं नही. चटणी जास्त बांधू का?"

मयुरीने फोन कानाला लावला. "सर, घरून हो आहे."

घंटा आणि दशम्या घेऊन ती ओट्यावर आली तेव्हा नाना प्रदर्शनाच्या तिसऱ्या प्रकारावर होते. ती पाया पडली. नानांनी बोलणं न थांबवता आशीर्वाद दिला आणि ते चौथ्या प्रकाराकडे वळले. समोर कोणी नसेल तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून मयुरीने आजूबाजूला पाहिलं. वेळेची काहीच अडचण नसलेलं, इतका वेळ निमूटपणे ऐकत आलेलं एकच माणूस तिला दिसलं. तिने खुर्ची ओढून तुम्हाला नानांसमोर बसवलं आणि गाडीकडे पळाली.