बूड घासायला आणलेली बोट

"पाण्याचं मला सांगू नका!" हे पाणीसाहेबांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हणायचा त्यांना अधिकारही होता. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांनी मान डोलावली की अर्ध्या शहराचे नळ वाहू लागत, आणि भुवई चढवली की उरलेल्या अर्ध्या शहरात रिकाम्या बादल्या वाजू लागत. लोक त्यांना कौतुकाने पाणीसाहेब म्हणत. पाणी आलं नाही की काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर अशा माणसाला मेहुण्याने आपली शिडाची बोट सुट्टीपुरती वापरायला दिली! साहेबांनी रविवारी रविवारी तळ्यावर जाऊन शीड हाकायचे धडे घेतले होते, परीक्षाही पास झाले होते. तरी बायकोने भीत भीत विचारलंच, "अहो, पण तळ्यात चालवणं वेगळं. समुद्र म्हणजे..."

"समुद्र म्हणजे काय? मोठी टाकी! पाण्याचं मला सांगू नका!"

खरी मेख निराळीच होती. बरोबर सासूबाई होत्या.

सासूबाई म्हणजे एका मोठ्या इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन. त्यांच्या काळात जंतूसुद्धा म्हणे वॉर्डात शिरण्याआधी पाय पुसत! समोर येईल त्या वस्तूवरून त्या तर्जनी फिरवत, ती तर्जनी उजेडात धरत, आणि मग त्या वस्तूबद्दल नि तिच्या मालकाबद्दल कायमचं मत बनवत. लग्नाला इतकी वर्षं झाली, साहेबांना बढत्या मिळाल्या, घर बांधून झालं, पोरगी शिकून मार्गाला लागली. पण सासूबाईंचं जावयाबद्दलचं मत "बरे आहेत" याच्यापुढे इंचभर सरकलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, या बाईंच्या तोंडून आपलं कौतुक ऐकावं, एवढीच इच्छा साहेबांची राहिली होती. बोटीचा सगळा घाट त्यासाठीच घातलेला होता.

पहिला आठवडा मोठा झकास गेला. किनारा म्हणजे काय सांगावं! डाव्या हाताला हिरवेगार डोंगर थेट पाण्यात पाय सोडून बसलेले, मधूनच नारळांची गर्दी, मधूनच पांढऱ्या वाळूची एखादी चंद्रकोर, आणि पाण्याला असे काही रंग की साहेबांनी आयुष्यात एवढं पाणी सोडलं, पण असलं एकदाही सोडलं नव्हतं. सासूबाई डोक्याला रुमाल बांधून पुढच्या टोकाला बसत आणि मान डोलावत. "एवढा मोठा पसारा," त्या म्हणाल्या, "पण कुठे कागदाचा कपटा नाही. कौतुक आहे!"

साहेब आशेने पुढे सरसावले. पण ते कौतुक समुद्राचं होतं.

आठव्या दिवशी पहाटे एका खाडीच्या तोंडाशी साहेबांना ती जागा दिसली. आत वळणावर निवांत पाणी, पलीकडे दाट झाडी, झाडीतून खळखळत आलेला ओढा. उतरून हिंडायला याहून चांगलं ठिकाण कुठलं? साहेबांनी सुकाणू वळवलं आणि बोट आत घातली. आणखी आत. आणखी थोडी आत.

"अहो, तळ दिसतोय!" बायको म्हणाली.

"दिसणारच! आत्ता ओहोटी आहे. पहिल्या मुक्कामाला दुपारी पाणी कसं काठोकाठ होतं, आठवतं ना? म्हणजे सकाळी कमी, दुपारी फुल्ल. पाण्याची वेळ एकदा लावून दिली की लावून दिली. आत्ताच एवढं आहे, तर दुपारी बघच तू!"

समुद्र त्यांच्या खात्यात नोकरीला असता, तर हे अगदी बरोबर होतं. पण भरती रोज उशिरा उशिरा येत जाते आणि आठवड्याभरात तिचं वेळापत्रक पार उलटंपालटं होतं, ही गोष्ट साहेबांच्या डोक्यातून साफ निसटली होती. मधले मुक्काम खोल पाण्यात, तिथे पाणी चढलं काय नि उतरलं काय, बघतंय कोण! ती पहाट ऐन भरतीची होती. भरतीही साधी नव्हे, पौर्णिमेच्या मागची, चांगली फुगलेली. साहेबांनी नांगर टाकला, छोटी होडी सोडली, आणि तिघंजण फिरायला निघाले.

फिरणंही दृष्ट लागण्यासारखं झालं. ओढ्याच्या काठाकाठाने वाट वर गेली होती. हाताच्या पंजाएवढी फुलपाखरं, बोटभर लाल खेकडे, आणि वर एक छोटासा धबधबा, खाली कुंड, कुंडात तळाचे खडे मोजता येतील असं पाणी. सासूबाईंनी एका मोठ्या पानावरून तर्जनी फिरवली. ती उजेडात धरली. काही नाही!

"बघ," त्या लेकीला म्हणाल्या, "इथे कुणी झाडायला येत नाही, पुसायला येत नाही, तरी धुळीचा कण नाही. नाहीतर आपली माणसं!"

हे बोलताना त्यांनी जावयाकडे का पाहिलं, ते साहेबांना कळलं नाही.

ऊन चढल्यावर मंडळी परत आली, तर खाडी गायब! जिथे पाणी सोडून गेले होते तिथे ओली वाळू चकाकत होती. त्या वाळूवर मेहुण्याची बोट, जेवून डाव्या कुशीवर पडावं तशी आडवी पडली होती. आणि शेजारी, अगदी तशाच पोझमध्ये, दुसरी एक बोट पडलेली!

ही दुसरी बोट सगळ्यांच्या ओळखीची होती. तिचे मालक दातांचे डॉक्टर. आठवडाभर त्याच किनाऱ्याने मागेपुढे चालले होते, आणि हा माणूस समुद्रावरचा मुरलेला खलाशी, असा त्यांचा सगळ्या किनाऱ्यावर दबदबा होता. डॉक्टर हातात ब्रश घेऊन बोटीच्या उघड्या पोटाशी उभे होते. त्यांची बायको शेजारी घडीच्या खुर्चीवर छत्री धरून बसली होती.

"जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "ही अशी आडवी का?"

साहेबांनी तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर पडायच्या आत डॉक्टर गरजले, "वा, साहेब, वा! बूड घासायला आणलीत ना? हल्ली एवढी मेहनत घेतो कोण! पहाटे तुम्हाला आत शिरताना पाहिलं आणि बायकोला म्हटलं, हा जाणकार माणूस ओहोटीवर बोट टेकवून बूड घासणार. आपणही घासून घेऊ! आलो की मागोमाग!"

"बूड घासायला?" सासूबाई म्हणाल्या.

बुडत्याला काडी मिळावी ती ही अशी. साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली!

"हो, म्हणजे... घासावंच लागतं ना, आई! खाली शेवाळ धरतं, कवचं चिकटतात. एरवी ते पाण्याखाली. मग ओहोटीला आडवी पाडायची आणि..."

सासूबाई चालत बोटीपाशी गेल्या आणि त्यांनी तर्जनी बुडावरून फिरवली. ती उजेडात धरली. हिरवा, बुळबुळीत, नखभर जाड थर!

"अगंबाई! आठवडाभर आपण या घाणीवर झोपत होतो?" त्या वळल्या, आणि साहेबांना त्यांच्या डोळ्यांत चक्क कौतुक दिसलं. "जावईबापू! कुणाला दिसत नाही ती जागा घासायची, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, गाजावाजा न करता! मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो!"

बायकोने मात्र नवऱ्याला पक्कं ओळखलं होतं. तिने त्यांना कोपराने ढोसलं. "खरं सांगा. रुतलीय ना?"

"हळू बोल!" साहेब कुजबुजले. "इतक्या वर्षांनी येतंय, येऊ दे."

मग जे सुरू झालं त्याला सफाई म्हणणं कमीपणाचं होईल. सासूबाईंनी पदर खोचला, बादल्या मागवल्या, भांडी घासायच्या काथ्या, जुना चमचा, पायपुसणं, मिळेल ते हत्यार बाहेर काढलं आणि दोन्ही बोटींचा ताबा घेतला. "डॉक्टर, वरून खाली! घाण खाली जाते, वर जात नाही! जावईबापू, कोपरे! सगळे रोग कोपऱ्यात राहतात!" डॉक्टर जन्मभर लोकांच्या दातांवरची पुटं खरवडत आलेले, तरी सासूबाईंनी त्यांना तीनदा परत घासायला लावलं, आणि त्यांनी "हो सिस्टर" म्हणून निमूट घासलं!

साहेबांचे हात सोलवटले, पाठीचं धिरडं झालं, तोंडात शेवाळ गेलं. पण ऊन उतरता उतरता त्यांनी मान वर करून पाहिलं, तर सासूबाई घोटाभर चिखलात उभ्या राहून एका लयीत हात चालवत होत्या. अंबाडा तसाच घट्ट, श्वास तसाच सावकाश, आणि हात फिरेल तिथे बोट नव्याने रंगवल्यासारखी पांढरीशुभ्र. इतकी वर्षं साहेब या बाईंना नुसते घाबरत आले होते. त्या दिवशी प्रथमच त्यांना वाटलं, काय जबरदस्त बाई आहे ही! आणि आपण तिला थाप मारतोय, हेही त्याच क्षणी वाटलं, आणि ते काही केल्या जाईना.

त्यात डॉक्टरांची काळजी. तो बिचारा भला माणूस आपल्यामागे विश्वासाने आत आला, आणि आपण त्याला वाळूत घातला!

सूर्य कलला तसं पाणी परत येऊ लागलं. सगळे आपापल्या बोटींवर चढले. बोटी हळूहळू उठल्या, सरळ झाल्या, तरंगतात असं वाटलं... आणि तिथेच थांबल्या. इंजिन गुरगुरलं, खाली वाळू ढवळली गेली, पण बोटीच्या पोटाखालचा जाड कणा काही जागचा हलेना. शेजारी डॉक्टरांचंही तेच.

"येतंय, येतंय," साहेब घाम पुसत म्हणाले. "लाईन लांबची आहे. प्रेशर यायला वेळ लागतो."

"कसलं प्रेशर?" डॉक्टरांची बायको पलीकडून म्हणाली. "पौर्णिमा होऊन गेली. संध्याकाळची भरती त्यात आणखी लहान. उद्या पहाटेच्या मोठ्या पाण्याला निघाल्या तर निघाल्या, नाहीतर बसा अमावास्येपर्यंत!"

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "असं कसं? साहेबांनी मुद्दाम आणली म्हणजे बाहेर काढायचा विचार केलाच असणार! काय हो, साहेब?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. सासूबाई सर्वांत जास्त विश्वासाने. एकच "हो" म्हटला की कौतुक शाबूत होतं. मात्र मग डॉक्टर साहेबांच्या भरवशावर त्याच वाळूत वाट बघत बसणार होते. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे पाहिलं.

"मुद्दाम नाही आणली," ते म्हणाले. "रुतली. मला वाटलं, ओहोटी आहे. ती भरती होती. डॉक्टर, माफ करा. माझ्यामुळे तुम्ही अडकलात."

सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला.

"म्हणजे घासायचं तुमच्या मनातही नव्हतं?"

"नव्हतं, आई. कधीच नव्हतं."

"अहो, मग माझंही ऐका!" डॉक्टर एकदम पलीकडून ओरडले. "मी कसला घासतोय! तुमच्या शिडाची काठी आत दिसली, म्हटलं तिथे पाणी असणार, म्हणून शिरलो. बोट आडवी झाल्यावर ब्रश काढला. बायकोसमोर काय सांगणार?"

"मी सकाळीच ओळखलं होतं," छत्री मिटत त्यांची बायको म्हणाली.

साहेबांचं त्याकडे लक्ष नव्हतं. ते सासूबाईंच्या निकालाची वाट बघत उभे होते. आता "बरे आहेत" सुद्धा गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"माझ्या वॉर्डात एवढे मोठमोठे डॉक्टर येऊन गेले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चुकलं की कुणी हवेला दोष दिला, कुणी औषधाला, कुणी नर्सला. चार माणसांत उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारा एकच भेटला. त्याच्याशी मी लग्न केलं." त्यांनी जावयाच्या सोलवटलेल्या हातांकडे पाहिलं. "तुमच्या सासऱ्यांनंतर हे तुमच्याच तोंडून ऐकलं. शाब्बास, जावईबापू!"

साहेबांचे डोळे भरून आले. बायकोचेही. साहेब वाकून नमस्कार करणार, एवढ्यात पाणी उतरू लागलं, बोट कण्हली, कलली, आणि सगळ्यांना घेऊन सावकाश आडवी झाली. या खेपेला उजव्या कुशीवर! (पहाटे दोन्ही बोटी सुखरूप निघाल्या, वाचकांनी काळजी करू नये.)

पाणी गुडघ्याखाली गेल्यावर सासूबाई कंदील घेऊन खाली उतरल्या आणि आता वर आलेल्या डाव्या बाजूवरून त्यांनी तर्जनी फिरवली. सकाळपासून वाळूत दडलेली ती बाजू! तिथे तर जंगल माजलं होतं. त्यांनी पदर खोचला. साहेबांनी न सांगता बादली उचलली, ब्रश उचलला, आणि घासता घासता ते चक्क मोठ्याने गाऊ लागले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एकदा शाब्बास म्हटलं म्हणून एवढं हुरळून जाऊ नका. कोपरा राहिलाय!"