पंचवीस कोटी वर्षांचा चहा

माझ्या हातात दिलेली वस्तू कधी हरवत नाही! मुरबाडहून शहापूरकडे जाताना जीपमध्ये डुलकी लागली तर मागे राहून जाईल एवढंसं आमचं गाव, पण तिथे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मुंबईच्या एका संग्रहालयाचं ‘जीवाश्म इंधने आणि त्यांचे उपयोग’ हे फिरतं प्रदर्शन आमच्या समाजमंदिरात आलं, तेव्हा ते घेऊन आलेल्या श्वेतामॅडमनी त्यातला कोळसा माझ्याच हवाली केला.

कोळसा कसला, रत्नच! नारळाएवढा दगडी कोळसा, आणि त्याच्या एका अंगावर पानाचा अर्धवट ठसा.

“हे पान पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हाचं ऊन यात साठलंय. कोळसा पेटवला की तेच बाहेर येतं.”

पंचवीस कोटी वर्षं ऊन जपून ठेवलं! आमच्याकडे सकाळी उन्हात घातलेले पापड संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

“हा नीट राहिला, तर इथे कायमचं विज्ञानदालन करू,” असं म्हणून मॅडम खर्डीला पुढची जागा बघायला गेल्या. आमच्या पोरांना संग्रहालय म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे एक दिवसाची सहल. ते आता गावात येणार होतं! मी कोळशाच्या उघड्या पेटीशेजारी छाती काढून उभा राहिलो.

पण गर्दी काय ऐकते? पोरांनी नखं लावली. धाऊआजोबा तर बोट फिरवून म्हणाले, “नरेंद्रा, मशेरीला बरा पडंल का रं ह्यो?”

दात पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच गेले असावेत असं त्यांचं तोंड! मी कोळसा उचलला. कुलपाचं कपाट नव्हतं. पण डोकं होतं! मागच्या पडवीत, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं उरलेलं लाकडी कोळशाचं पोतं होतं. गॅस आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातच खुपसून दिला. काळ्यात काळं! चोराच्या बापाला सापडायचा नाही.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

“जनरेटर लावा!” मी ओरडलो. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. माझा चुलतभाऊ प्रशांत कॅन घेऊन बाईकवर सुटला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, “दादा, बाईकमदलं पेट्रोल संपलं. ढकलत येतंय.”

समोर प्रदर्शनात डिझेल, पेट्रोल, रॉकेल काचेच्या बाटल्यांत ऐटीत बसलेलं, आणि गावात थेंब नाही! अंधारात लोक त्या बाटल्यांकडे बघत राहिले. ‘उपयोग’ असे पटले की बोलायची सोय नव्हती.

मॅडम परतल्या. रिकामी पेटी बघून थबकल्या. “कोळसा?”

“एकदम सुरक्षित! आधी चहा घ्या.”

चहा माझ्या आईने, चिमाबाईने, केला होता. मी एक घोट घेतला. “आई, चहाला कसला वास येतोय गं?”

“गॅस संपला ना रे! मागचं पोतं सोडलं नि शेगडी पेटवली. बारके कोळसे पेटले धडाधडा. पन एक मेला थोराड होता, त्याचा नुस्ता धूर!”

मी कप खाली ठेवला.

“कुठाय तो?” मी विचारलं.

“फुकणीनं ठोकला. दोन भाग झाले. एक टाकला शेगडीत.”

दालन गेलं! धुरात गेलं!

“आणि... दुसरा?” मॅडमनी विचारलं.

“त्याच्यात अख्खं पान निघालं. पान बघून मला नाय टाकवला.”

आईने खिडकीत ठेवलेला तो तुकडा आणला. दाराच्या उजेडात सगळे वाकले. लांबट पान, देठापासून टोकापर्यंत, शीर न् शीर जागच्या जागी!

“आंब्याच्या पानावानी हाय,” आई म्हणाली.

मॅडमनी पानावर हलकेच बोट टेकवलं. “हे आतलं पान कुणी पाहिलंच नव्हतं. पंचवीस कोटी वर्षांत पहिली नजर पडली ती तुमची, आई.”

धाऊआजोबांनी टोपी काढली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू! मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा आपापल्या कपाकडे वळल्या. शेगडीत गेलेल्या तुकड्यातलं ऊन तिथे होतं. एकानेही घोटभर चहा टाकला नाही. धाऊआजोबांनी तर बशी चाटली.

विज्ञानदालन मंजूर झालं! पहिल्या पेटीवर पाटी आहे : ‘शोध – चिमाबाई. साधन – फुकणी.’ दालनाची किल्लीही मॅडमनी आईकडेच दिली. माझ्याकडे चहाचं खातं आलं.

असू दे. तुम्ही या एकदा बघायला. सिलिंडर भरलेला आहे, दूध आहे, साखर आहे. गॅसचा लायटर मी अगदी सुरक्षित जागी ठेवलाय. कुठे, ते आठवलं की लगेच चहा टाकतो!