श्यामकांतरावांच्या बॉनेटची पूर्वतयारी

रंगकामात रंगाला फारसं महत्त्व नसतं, हे आता सर्वमान्य झालं आहे. नव्वद टक्के काम पृष्ठभागाच्या तयारीचं असतं, आणि उरलेलं दहा टक्के (जाणकारांच्या मते) घाईने करण्यापेक्षा न केलेलं बरं. रायपूरच्या चौबे कॉलनीत आमचे शेजारी श्यामकांतराव यांनी हे सत्य ज्या निष्ठेने आचरणात आणलं, तिची कुठेतरी नोंद असावी म्हणून हा प्रपंच.

श्यामकांतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची पांढरी मोटार चौदा वर्षांची. बॉनेटवर आणि दोन दारांवर गंज, बाकी ठिकाणी गंजाची शक्यता. मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी सुनीतीवहिनी याच गाडीतून भंडाऱ्याला भावाकडे गेल्या, तेव्हा त्यांच्या भावजयीने गाडी घरामागे गोठ्यापाशी लावायला सांगितली. "समोर पाव्हण्यांच्या गाड्या लागतात," म्हणाली. (सुनीतीवहिनीही पाहुण्याच होत्या.) ते त्यांच्या मनाला फार लागलं. यंदा तुळशीच्या लग्नानंतर पाचव्या दिवशी त्याच घरी भाच्याचं लग्न होतं.

"मले समोरच्या दारात उतराचं हाय," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "गाडी रंगवा, नाही तर मी लग्नाले येत नाही. सख्ख्या भाच्याचं असलं तरी."

लग्नाला दोन महिने होते. श्यामकांतरावांनी काम घरीच करायचं ठरवलं. गॅरेजवाले तयारी नीट करत नाहीत, हे त्यांचं मत होतं. ते कधी गॅरेजात गेले नव्हते, त्यामुळे मत अगदी स्वच्छ राहिलं होतं. तरी औपचारिकता म्हणून नत्थू पेंटरला बोलावलं. त्याने बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "जेन दिन घिसहू, ओही दिन प्राइमर मार देहू भैया. उघरा लोहा ला झन छोड़हू." म्हणजे घासाल त्याच दिवशी प्राइमर मारा, उघडं लोखंड ठेवू नका. नत्थूला या कामाचा तीस वर्षांचा अनुभव होता. त्यामुळे त्याचा सल्ला एकांगी मानून बाजूला ठेवण्यात आला.

त्याऐवजी एक खुलं सल्लागार मंडळ आपोआप अस्तित्वात आलं. रोज सकाळी फाटकाशी खुर्च्या मांडल्या जात, चहा होई आणि श्यामकांतराव घाशीत. मंडळाची आकडेवारी अशी: एकूण सल्लागार एकवीस, स्वतःची गाडी असलेले चौदा, या विषयावरचे व्हिडिओ पाहिलेले एकोणीस, कधीतरी गाडीला स्वतः ब्रश लावलेले शून्य. (प्रस्तुत लेखक एकोणिसांत मोडतो.)

पहिली घासणी उत्तम झाली. जुना रंग गेला, गंज गेला, खड्ड्यांत लांबी (म्हणजे पुट्टी) भरली, ती वाळल्यावर पाणीपेपरने सपाट केली. लोखंड ताटासारखं चमकू लागलं. प्राइमरचा डबा उघडणार, इतक्यात बाबारावांनी हात वर केला. बाबाराव म्हणजे सेवानिवृत्त हेडक्लार्क, आणि पंचांग बाळगणारे मंडळातले एकमेव सदस्य.

"पितृपक्ष सुरू हाय," ते म्हणाले.

"मग घासलं ते?" श्यामकांतरावांनी विचारलं.

"घासणं म्हणजे काढून टाकणं. ते चालते. प्राइमर म्हणजे नवीन काम. ते काहून करता आता?"

युक्तिवाद बिनतोड होता. गाडी अकरा दिवस उघडी राहिली. बाराव्या दिवशी तिच्यावर नवा गंज आला होता, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी एकसारखा पसरला होता. मंडळाने तशी दखल घेतली.

दुसरी घासणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुरी झाली. दसऱ्याला अवजारांची पूजा असते. पॉलिश पेपर, ठोकळा, ब्रश हे सारं पाटावर मांडलं, आणि प्राइमर हाही साधनच असल्यामुळे त्याचा डबाही. झाकण लावलेल्या डब्याची पूजा म्हणजे देवाला दाराबाहेर उभं करणं, असं कोणीतरी म्हणालं (बहुधा मीच). म्हणून डबा उघडला, आत हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. बॉनेटवर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक आलं. तेलकट पृष्ठभागावर प्राइमर धरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दसऱ्याचं स्वस्तिक लगेच पुसणं बरं दिसत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. निदान दिवाळीपर्यंत तरी ते राहावं असं ठरलं.

"पापा, मार दो ना प्राइमर, डेट निकल जाएगी," मुलगा वरद मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. त्याला तयारीचा अनुभव नव्हता.

तिसरी घासणी दिवाळीत. थिनरने पुसून घेतलेलं बॉनेट इतकं गुळगुळीत झालं की कॉलनीतला प्रत्येक माणूस फराळ करता करता उठला, बॉनेटवर हात फिरवून गेला आणि "वा" म्हणाला. भाऊबीजेपर्यंत त्यावर एकोणसाठ ठसे होते. चकलीचे कोणते आणि शंकरपाळ्यांचे कोणते, हे उन्हात वेगळं ओळखू येई.

चौथ्या घासणीनंतर हात लावायला बंदी केली. मग गच्चीवरच्या पापडांवर बसते ती रायपूरच्या कारखान्यांची काळी भुकटी बसली. श्यामकांतराव आता बारीक झाले होते. बोटांची कातडी गेली होती. बँकेत अंगठा उमटेना. एका संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, "तयारी होऊन राहिली, पण मले भीती वाटते. रंग लावला अन् वाईट दिसला, तर मंग बोलाले काहीच राहत नाही." मला त्यांची खरोखर दया आली. मी त्यांना पाचव्यांदा घासायचा सल्ला दिला.

लग्नाच्या आदल्या दुपारी मंडळ वामकुक्षी घेत असताना सुनीतीवहिनी बाहेर आल्या. पदर खोचला, फडक्याने गाडी पुसली. डब्यातल्या प्राइमरवर जाड साय धरली होती. ती त्यांनी दुधावरची काढावी तशी उलथन्याने काढली. खालचा माल पातळ केला आणि ब्रशने सबंध गाडीला मारला. दोन तास लागले. अक्षता गाळून घ्या, असं श्यामकांतराव मागून म्हणाले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "लग्नालेच जाऊन राहिलो न आपण."

दुसऱ्या दिवशी राखाडी रंगाची, बॉनेटवर तांदळाचे दाणे चिकटलेली ती मोटार भंडाऱ्याला समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. वहिनी पदर सावरून आधी उतरल्या, असं श्यामकांतरावांनी मला नंतर सांगितलं. भावजय पुढे आली. गाडी मागे न्या म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता. वरपक्षातले पुरुष गाडीभोवती जमले होते. एक म्हणाला, प्राइमर ब्रशने मारत नसतात. दुसरा खाली बसून दाराची कड बघू लागला. वधूपक्षाला कळलं तेव्हा तेही आले. भटजी आले. भावजयीची दिवाळीत घेतलेली नवी कोरी गाडी शेजारीच हार घालून उभी होती. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, कारण तिच्यात सुधारायला काही नव्हतं. शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरले आणि बाशिंग सावरत म्हणाले, "आत्या, पाणीपेपर किती नंबरचा घेतला होता?"

गोरज मुहूर्त तेवीस मिनिटांनी टळला. सुनीतीवहिनी समोरच्या दारात, सगळ्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि विचारेल त्याला उत्तर देत होत्या. तेवढं सुख त्यांना माहेरी कधीच मिळालं नव्हतं, असं त्या सांगतात.

गाडी आजही राखाडीच आहे. वरचा रंग द्यायचा आहे, त्याची तयारी चालू आहे. परवा मी मंडळाच्या यादीची नक्कल करायला घेतली, तर एकविसाव्या नावाखाली एक ओळ कोरी दिसली. आधी मला वाटलं, चूक झाली. मग लक्षात आलं, की लांबीचा उल्लेख आल्यापासून तुम्हीही मनातल्या मनात सांगत होता की आधी काय करायला हवं होतं. तेव्हा या. चहा ठेवला आहे. येताना ब्रश आणायची गरज नाही. आजवर कोणी आणलेला नाही.