नाक धरा, शेठ

आमच्या डाळमिलचे मालक स्वतःचं नाक चिमटीत धरून आपण मालक असल्याचं सिद्ध करतात. सिद्ध करून घेणारा गावंडे, आमचा डिस्पॅचवाला. शेठ बाहेरगावी असले की व्हिडिओ कॉल करतात. गावंडे नमस्कारही करत नाही. "नाक धरा, शेठ. आता मान इकडे. आता तिकडे." बनावट चेहऱ्यासमोर हात आला की तो चेहरा फाटतो, असं त्याने कुठूनतरी ऐकलंय. शेठ चिडतात, पण धरतात. एकदा शेजारी रायपूरचे व्यापारी बसले होते, तरी धरलं.

गावंडेचा संशय जुना आहे. तुरीचं पोतं आलं की पावती बाजूला ठेवून तो दाणा दाताखाली फोडतो. बायकोचा फोन आला तरी कट करतो आणि खिशातल्या डायरीत नंबर बघून स्वतः परत लावतो. पालुपद एकच: "मले आजपावतर कोनी बनवलं नाई." हमाल, ड्रायव्हर, चहावाला, सगळ्यांना दिवसातून चारदा ऐकवायचा. तेवढीच त्याची इस्टेट.

नाकाचा नियम आला तो माझ्यामुळे. उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मला शेठचा व्हिडिओ कॉल आला. तोच चेहरा, कपाळावर तोच तीळ. नागपुरात अडकलोय, गाडी भरून उभी आहे, गेटपास करा, म्हणाले. मी घुटमळले तर त्यांनी मला झापलं, आणि झापणं इतकं तंतोतंत शेठचं होतं की मी सही केली. सही ताडून बघता येते. शिव्या कशाशी ताडायच्या? दोन दिवसांनी शेठने त्या मालाची चौकशी केली तेव्हा कळलं. तूरडाळीचा अख्खा ट्रक गेला होता, आणि त्या दुपारी शेठ इथेच अकोल्यात, जठारपेठेत घरी झोपले होते.

शेठने आधी पुण्याहून तज्ज्ञ बोलावला. त्याने दीड तास पडद्यावर इंग्रजी दाखवलं, आम्ही आलूबोंडे खाल्ले. भिंतीवर सावधगिरीचं पोस्टर लागलं. त्याच्याच कोपऱ्यात कोणीतरी कॉम्प्युटरचा पासवर्ड लिहून ठेवला, विसरायला नको म्हणून.

मग सगळ्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. दोषी कोण ते ठरलेलंच होतं. एकोणीस वर्षांची नोकरी, घरात मिळवणारी मी एकटी. राजीनामा टाइप करून पर्समध्ये ठेवला होता. शेठने विचारलं, जराही शंका आली नाही?

मी तोंड उघडायच्या आत गावंडे बोलला.

"शेठ, फोन आंधी मले आला होता. मीनंच फाटकावरून येऊन ताईले सांगतलं, शेठच हायेत, सही करा."

शेठ बघतच राहिले. "गावंडे, तू फसलास?"

"फसलो ना," तो चपलेकडे बघत म्हणाला. "तुमचा चेहरा होता. त्याच्यावर नाई इस्वास ठेवाचा त कोनावर ठेवाचा?"

दोघांनाही काढायचं तर फाटक उघडायला कोणी उरत नव्हतं. शेठने हात झटकले, म्हणाले, पुढचं बघा. तेव्हा गावंडेने नाकाची अट घातली.

तेव्हापासून हमाल त्याला डिवचतात, "काका, तुमालेबी बनवलं ना?" तो ऐकून घेतो, दाणे फोडत राहतो. पालुपद बंद झालंय. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "कायचे आभार? काम करा."

त्या दुपारी गावंडे अकोल्यात नव्हताच. शेंदूरजनाघाटला भाचीच्या साखरपुड्याला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आणलेली संत्री सगळ्या ऑफिसने खाल्ली, साली माझ्या टेबलावर टाकून. ते सगळे त्या केबिनमध्ये उभे होते. कोणी काही बोललं नाही.

हजेरीपुस्तक माझ्याकडे असतं. त्यात त्याची रजा आहे, माझ्याच अक्षरात. शेठने ते मागितलं नाही. मागितलं असतं तर सापडलं नसतं.