शिलाई मशीनचा घसारा

"मशीन: शून्य," असं मुलीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि नेमकं तेच आईनं वाचलं.

मुलगी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. अकाउंट्सच्या परीक्षेत आधीच आपटली होती. आता सरांनी दिलेला प्रकल्प बरोबर आला तरच वर्ष वाचणार होतं. घरातल्या धंद्याचा ताळेबंद मांडायचा, एवढंच काम. घरातला धंदा म्हणजे आईचं शिवणकाम. वापरातल्या वस्तूची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची, त्याला म्हणतात घसारा. मुलीनं आईच्या शिलाई मशीनला इमानेइतबारे घसारा लावला आणि मशीनची किंमत पार धुऊन गेली.

"शून्य?" आईनं मशीनवरून पाय काढला. "मग शून्यावर कशाला शिवत बसू मी?"

"अगं, फक्त कागदावर शून्य."

"मग कागदावरच शिव तू."

बाबा समजूत घालायला गेले. "तसंही जुनंच झालंय ते," म्हणाले, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरही बंद पडलं. मशीनवर एक कोट बाह्यांविना तसाच पडून राहिला.

संध्याकाळी कोटाचे मालक दारात उभे. मुलगी बघते तर तिचेच अकाउंट्सचे सर! थोड्या वेळात त्यांचा सत्कार होता आणि बिचारे घामाघूम झाले होते.

"ताई, बाह्या?"

"मशीन शून्य आहे म्हणे. तुम्हीच शिकवलंत ना?"

"छे, छे, साफ चूक," सर घाईघाईनं म्हणाले.

मुलगी रडकुंडीला आली. "मग मी नापास?"

आईचे डोळे बारीक झाले. "माझी पोरगी नापास?"

सरांची चांगलीच गोची झाली. उत्तर बरोबर म्हणावं तर आई रुसणार, चूक म्हणावं तर आई भडकणार. दोन्ही बाजू जुळवण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण आता शब्द जुळेनात.

"ताई," अखेर ते म्हणाले, "शून्य म्हणजे मशीननं आपली किंमत पुरती फेडली. आता त्यावर काहीही शिवा, मशीनचा म्हणून खर्चच नाही."

आई विरघळली. सरांनी तिथल्या तिथे प्रकल्पावर बरोबरची खूण केली, मशीनची खडखड सुरू झाली, बाह्या लागल्या. कोट चढवून सर मोकळं हसले आणि तिथंच फसले.

"मग ताई, शिलाई जरा कमी घ्या. मशीनची किंमत तर केव्हाच वसूल झालीय."

आई तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "मशीनची झाली, सर. आईची अजून कुठं झालीय?"

सरांनी मुकाट्यानं पूर्ण शिलाई दिली.